रिकाम्या खोलीतला गारवा

"काका, एक विचारू? याला पाप म्हणायचे का?"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात रविवारची मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात आपल्या धर्मग्रामातल्या एका तरुणाने मला हा प्रश्न केला. हा मुलगा एसी मेकॅनिक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि तिथून पुढे मुरबाडच्या बाजूपर्यंत त्याची कामे चालतात. मार्च उजाडला की त्याला दुपारी जेवायलाही फुरसत मिळत नाही.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. बारवी धरणाच्या बाजूला, पाणी दिसेल अशा टेकाडावर, मुंबईच्या एका शेठचे सुट्टीचे घर आहे. महिन्यातून दोन-तीन वेळा शनिवार-रविवारी ते कुटुंब तिथे येते. त्या घरात या मुलाने नवी यंत्रणा बसवली. बाहेर एकच मोठे यंत्र आणि आत घराचे पाच भाग, त्याच्या धंद्यातल्या भाषेत पाच 'झोन'. एक हॉल, तीन बेडरूम आणि पाण्याच्या बाजूची काचेची बैठक. प्रत्येक भागाचे तापमान वेगळे ठेवता येते. शेठ शुक्रवारी दुपारी मुंबईतल्या कचेरीतून मोबाइलवर बटण दाबतात. संध्याकाळी गाडी फाटकात शिरते तेव्हा घर गार होऊन तयार असते.

फाटकाजवळ राखणदाराची खोली आहे. चार भिंती आणि वर पत्रा. तिथे नवरा, बायको, दोन मुले आणि एक म्हातारी राहतात.

"एप्रिलमधली दुपार होती, काका. मी पाचही झोन चालू करून तपासत होतो. घरात माणूस नव्हता. सोफे गार होत होते. आणि ती आजी बाहेर आंब्याखाली डोक्यावर ओले फडके घेऊन बसली होती. तिनेच मला प्यायला पाणी आणून दिले. मी पाणी प्यालो, बिल केले आणि निघालो. काही बोललो नाही. आता सांगा, चुकले कोणाचे? शेठचे, माझे, की कोणाचेच नाही?"

त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. वर्षभर तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. आज जमेल तसे उत्तर देतो. ते त्याच्यासाठी आहे तसे माझ्यासाठीही आहे.

प्रथम त्या यंत्रणेविषयी थोडे. एखादी गोष्ट समजून न घेता तिला दोष देणे फार सोपे असते. मोठ्या घरांत पूर्वी एकच यंत्र सगळ्या घराला सारखाच गारवा किंवा सारखीच ऊब देत असे. माणसे एका खोलीत आणि वीज सहा खोल्यांसाठी. त्यावर उपाय निघाला तो असा: हवेच्या नळांत झडपा बसवायच्या, प्रत्येक भागात तापमान मोजणारा थर्मोस्टॅट लावायचा, आणि ज्या भागाला गरज आहे तिथलीच झडप उघडायची. आपल्याकडे बहुधा झडपांऐवजी प्रत्येक खोलीत वेगळे युनिट असते आणि ती सारी बाहेरच्या एका यंत्राला जोडलेली असतात. तत्त्व तेच. जिथे माणूस आहे तिथेच गारवा द्या, बाकीच्या खोल्या राहू द्या. या तत्त्वात वाईट काहीच नाही. उलट काटकसरीची, शहाणपणाची गोष्ट आहे.

रिकाम्या घराचीही काही गरज असते, हेही मान्य करू. अमेरिका आणि कॅनडात तळ्याकाठी सुट्टीची घरे असतात. हिवाळ्यात ती महिनोन् महिने बंद असतात, तरी पुष्कळ जण आतली ऊब पूर्णपणे बंद करीत नाहीत. केली तर नळातले पाणी गोठते, गोठताना फुगते आणि नळ फुटतात. म्हणून माणूस नसताना अगदी कमी ऊब ठेवतात आणि माणूस आला की फक्त राहत्या भागाची वाढवतात. आपल्या बाजूला पावसाळ्यात बंद घरात बुरशी धरते, गाद्यांना वास येतो, लाकूड फुगते. दमट हवा काढण्यासाठी कधीमधी यंत्र चालवले तर ती उधळपट्टी म्हणता येणार नाही.

मग बिघडले कुठे? शेठच्या बाजूने कोणी म्हणेल, पैसा त्यांचा, विजेचे बिल तेच भरतात, राखणदाराला पगार वेळेवर मिळतो, राहायला खोली मिळाली आहे. त्यांनी यंत्र बंद ठेवले असते तर त्या आजीला गारवा मिळाला असता का? नसता. मग त्यांच्या गारव्याचा तिच्या उकाड्याशी संबंध काय?

हा मुद्दा वजनदार आहे. मी बरेच दिवस त्याच्याशी झगडत होतो. मग एकदा त्या मुलाला मी सहज विचारले, "बाहेरचे यंत्र बसवले कुठे?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "राखणदाराच्या बाजूला. पाण्याकडे लावले असते तर देखावा बिघडला असता."

एसी गारवा तयार करीत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. 'एक टनाचा एसी' या शब्दाचा उगमही गमतीदार आहे. यंत्रे येण्यापूर्वी बर्फ वापरीत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो. त्यासाठी अंदाजे दीड किलोवॅट वीज खातो आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेर जवळपास पावणेसात किलोवॅट उष्णता फेकली जाते. एकेक किलोवॅटचे सहा-सात हीटर एकदम लावल्यासारखे. खोली जेवढी गार होते त्यापेक्षा बाहेरची बाजू जास्त तापते. आपल्या गल्ल्यांत हे पाहायला दूर जावे लागत नाही. एका घराच्या बेडरूमची गरम हवा समोरच्याच्या खिडकीत जाते, आणि मग समोरचाही खिडकी लावून एसी घेतो. ज्याला घेणे जमत नाही त्याच्या वाट्याला दोघांची गरम हवा येते.

तेव्हा 'माझ्या गारव्याचा तुझ्या उकाड्याशी संबंध नाही' हे पूर्ण खरे नाही. त्या टेकाडावर तर तो संबंध दहा-बारा पावलांवर होता. शिवाय महाराष्ट्रातली वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी राख आणि धूर सोसणाऱ्या माणसांपर्यंतही तो संबंध जातो.

उन्हाळा म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबईत समुद्राची झुळूक दुपारच्या आत पोचते. इथे डोंगरांच्या पायथ्याशी ती उशिरा येते आणि तोवर तिच्यातला दम गेलेला असतो. कुलाब्याला ३३-३४ अंश असताना बदलापूरला पारा चाळिशीच्या पुढे गेल्याचे आपण कितीतरी वर्षे पाहत आहोत. उष्णता माणसाचा जीवही घेते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या मोठ्या सोहळ्यात लोक तासन् तास उघड्या मैदानात बसले आणि उष्माघाताने १४ जण दगावले. व्यासपीठावर छप्पर होते, मैदानात नव्हते. तिथे मुद्दाम कोणाला मारायचे कोणाच्या मनात होते असे मी म्हणणार नाही. पण सावली कुठे टाकायची हे जेव्हा ठरले, तेव्हा कोण कुठे बसणार हेही माहीत होते.

आता पुन्हा त्या टेकाडावर या. घराचा आराखडा करताना पाच झोन मोजले गेले. फाटकाजवळची सहावी खोली कोणी नाकारली नाही. ती मोजायची आहे हेच कोणाला सुचले नाही. मला वाटते, चूक इथे आहे. शेठला विचारले असते, "आजीला उकाडा झाला तर चालेल का?" तर ते 'चालेल' म्हणाले नसते. त्यांना कोणी विचारलेच नाही आणि त्यांनी स्वतःला विचारले नाही. फाटकाशी पडलेल्या लाजरसची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून ती मी पुन्हा सांगत नाही. त्या गोष्टीतल्या श्रीमंताने लाजरसला मारल्याचे किंवा हाकलल्याचेही कुठे लिहिलेले नाही, एवढेच लक्षात आणून देतो.

दोन ऋतूंसाठी दोन घरे ही आजची चाल नाही. आजच्या तुर्कस्तानात झिंजिर्ली नावाची जागा आहे. तिथे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला बार-राकिब या राजाचा शिलालेख सापडला. त्यात तो सांगतो की आपल्या पूर्वजांना चांगला वाडा नव्हता, एकाच वाड्यात त्यांना हिवाळाही काढावा लागे आणि उन्हाळाही, म्हणून आपण नवा वाडा बांधला. साधारण त्याच शतकात इस्राएलमध्ये संदेष्टा आमोस बोलत होता. तो मेंढपाळ होता, उंबरासारख्या फळझाडांची कामे करणारा होता. हिवाळ्याची घरे आणि उन्हाळ्याची घरे दोन्ही कोसळतील, हस्तिदंताने सजवलेले वाडे नाहीसे होतील, असे त्याने सुनावले. समारिया येथे विसाव्या शतकात उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंती नक्षीचे तुकडे खरोखरच सापडले. आमोसचा राग ऊब किंवा गारवा यांवर नव्हता. त्याच ग्रंथात तो गरिबांचे धान्य, खोटी मापे यांविषयी बोलतो. ती दोन घरे कोणाच्या वाट्यातून उभी राहिली, हा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या बाजूलाही विचारायला हवा. आपल्याकडे तळ्याकाठचे घर म्हणजे बहुतेक वेळा धरणाकाठचे घर. बारवी धरण एमआयडीसीचे. आपल्या शहरांना आणि कारखान्यांना त्याचे पाणी मिळते. पाणी वाढवायचे म्हणून धरणाची उंची वाढवण्यात आली आणि २०१९ च्या पावसाळ्यात त्या वाढीव उंचीपर्यंत पाणी भरले. त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांतल्या लोकांना घरे सोडावी लागली. जिथे आज कोणाच्या काचेच्या बैठकीतून पाणी चमकताना दिसते, तिथे कोणाची तरी चूल होती. हे मी त्या शेठला उद्देशून म्हणत नाही. ते पाणी मीही पितो, तुम्हीही पिता.

आणि विटा? बदलापूरपासून वांगणी, नेरळ, कर्जतपर्यंत गाडीच्या खिडकीतून वीटभट्ट्या दिसतात. ठाणे-रायगडच्या भट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या कातकरी कुटुंबे राबत आली आहेत. पावसाळा संपला की उचल घेऊन, मुलाबाळांसकट भट्टीवर जायचे, कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटात राहायचे आणि पावसाळा आला की परत फिरायचे. दुसऱ्याच्या दुसऱ्या घराची वीट जे भाजतात, त्यांतल्या कितीतरी जणांना पहिले घर धड नाही. भर उन्हात भट्टीच्या धगीशी उभ्या राहणाऱ्या बाईसाठी कुठला झोन असतो?

हे वाचून कोणाला वाटेल, लेखक एसीच्या विरोधात आहे. तसे नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचे उदाहरण दिले तेव्हा काही लोक हसले होते. त्यांचा मुद्दा बाजार गरज कशी वाढवत नेतो आणि आपण मागचापुढचा विचार न करता कसे वाहत जातो, हा होता. पण आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला, ऐंशीच्या घरातल्या आजोबांना मे महिन्यात गार खोली म्हणजे औषध आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली हिशेब मांडला होता. जगातल्या सर्वांत उष्ण भागांत सुमारे २८० कोटी लोक राहतात आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के लोकांकडे एसी होता. म्हणजे ज्यांना गारव्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याकडेच तो सर्वांत कमी. अशा जगात रिकाम्या खोलीतला गारवा डोळ्यांत खुपतो तो यामुळे.

रिकाम्या खोलीचे काय होऊ शकते, याची एक गोष्ट मला फार धीर देते. रोमपासून सुमारे २५ किलोमीटरवर कास्तेल गांदोल्फो हे गाव आहे. तिथे आल्बानो तळ्याच्या वर पोपचा उन्हाळी वाडा आहे. सतराव्या शतकापासून अनेक पोप रोमचा उकाडा टाळायला तिथे जात आले. म्हणजे ख्रिस्तसभेच्या प्रमुखाचेही तळ्याकाठी सुट्टीचे घर आहेच. १९४४ साली युद्धाची धग त्या भागात पोचली, तेव्हा बारावे पायस यांच्या काळात त्या वाड्याची दारे उघडली गेली. हजारो निर्वासित आत आले. पोपच्या खासगी दालनात गर्भवती बायकांची सोय केली गेली आणि तिथे बाळे जन्माला आली. पुढे पोप फ्रान्सिस तिथे उन्हाळ्यात राहायला गेले नाहीत, २०१६ साली वाडा संग्रहालय म्हणून सर्वांना खुला झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात पोप लिओ चौदावे तिथे विश्रांतीला गेले. तेही योग्यच. दमलेल्या माणसाने विसावा घ्यावा. त्याच आवारात आता निसर्गाची काळजी आणि शेतीचे प्रशिक्षण देणारा प्रकल्प उभा आहे. घर तेच, तळे तेच. दार कोणासाठी उघडते यावर सारे ठरते.

आणि हे सांगायला इटलीपर्यंत तरी कशाला जायचे? आपले उल्हासनगर कसे वसले? महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले आणि बराकी रिकाम्या झाल्या. फाळणी झाली आणि सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना त्या बराकींत आसरा मिळाला. एका बराकीत कितीतरी कुटुंबे, मध्ये कापडाचे आडोसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. आजही आपण 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच पत्ते सांगतो. रिकामी खोली आणि बेघर माणूस यांची गाठ पडली म्हणून हे शहर आहे. या शहराच्या शेजाऱ्यांना रिकाम्या खोलीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

इथपर्यंत मी दुसऱ्याच्या घराविषयी बोललो. ते सोपे होते. आता माझ्या घरी या.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरात पहिला एसी घेतला. दोन खोल्यांचे घर. एसी लागला बेडरूममध्ये. आई म्हणाली, "मला तो सोसत नाही रे. सांधे धरतात. मी आपली हॉलमध्ये पंख्याखाली झोपते." आम्ही मानले. दार लावून घेत होतो, कारण दार उघडे ठेवले तर गारवा जातो. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो. आई जमिनीवर ओला टॉवेल पसरून त्यावर झोपली होती. दुसऱ्या दिवशी मी खोदून खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, "बिल किती येते ते बघते ना मी. आणि तुम्हा दोघांना सकाळी कामाला जायचे असते."

सांधे धरत नव्हते. ती आमचे बिल वाचवत होती, आणि मला तिचे म्हणणे खरे मानणे सोयीचे होते. त्या शेठला आपल्या फाटकाजवळची खोली दिसली नाही. मला माझ्याच दाराच्या पलीकडची आई दोन उन्हाळे दिसली नाही. आता आई नाही. मेकॅनिकचा तो प्रश्न मला इतका का लागला, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

आपल्या घरांत आणखी एक खोली अशीच सुटते. ती म्हणजे स्वयंपाकघर. घरातली सर्वांत तापलेली खोली. तिथे दोन शेगड्या पेटलेल्या असतात, कुकरची वाफ असते, आणि ज्योत विझते म्हणून पंखाही लावता येत नाही. घरातले एक माणूस तिथे रोज दोन-तीन तास उभे असते. घर गार करायचे ठरते तेव्हा हॉलचा विचार होतो, बेडरूमचा होतो. 'जिथे माणूस तिथे गारवा' हे तत्त्व आपण खरोखर पाळले असते, तर मोजणी ओट्यापासून सुरू झाली असती.

थंड खोलीचा मोठा धोका मला विजेच्या बिलात दिसत नाही. तो लावलेल्या काचेत दिसतो. यिर्मयाच्या ग्रंथात यहोयाकीम राजाची गोष्ट आहे. तो हिवाळ्याच्या वाड्यात शेगडीशी शेकत बसला होता. बाहेर लोक संकटात होते. संदेष्ट्याचा इशारा त्याला वाचून दाखवत होते आणि तो गुंडाळीचा एकेक तुकडा कापून त्याच शेगडीत टाकत होता. स्वतः उबेत असलेल्याला बाहेरचा निरोप ऐकू येत नाही. गारव्यातही तसेच होते. काच लावली की बाहेरचा उकाडा थांबतो, त्याबरोबर बाहेरची हाकही थांबते.

मग करायचे काय? एसी विकून टाका असे मी सांगणार नाही. एवढेच सांगेन की घराच्या झोनची मोजणी पुन्हा एकदा करा, आणि या वेळी भिंतींच्या जागी माणसे मोजा. घरात सर्वांत म्हातारे कोण, सर्वांत आजारी कोण, सर्वांत तापलेल्या जागी कोण उभे राहते, हे विचारा. 'मला चालते' हे उत्तर लगेच खरे मानू नका. गार खोली एकच असेल तर मे महिन्यापुरते सगळ्यांनी तिथे अंथरुणे टाकावीत. आपण लहानपणी एकाच पंख्याखाली झोपलोच होतो. स्वयंपाकघरात चांगला एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि जड स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. एसी २४ अंशांवर ठेवून पंखा लावला तर पुरतो. २०२० सालापासून स्टार लेबलचे नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लावून येतात. तापमान एक अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. बाहेरचे यंत्र बसवताना त्याची गरम हवा कोणाच्या दारात जाते ते खाली उतरून पाहावे.

सोसायटीच्या वॉचमनची केबिन, घरकामाला येणाऱ्या ताईंची पत्र्याची खोली, हेही आपलेच झोन आहेत. पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तरी आतला ताप काही अंशांनी उतरतो. मे २०१० च्या भयंकर लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसे गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. एका छपराच्या चुन्याला एका एसीच्या किमतीचा लहानसा हिस्सासुद्धा लागत नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. पाप कोणाचे?

मिस्सेच्या सुरुवातीला आपण केलेल्या चुकांची कबुली देतो आणि त्याबरोबरच जे करायचे राहिले त्याचीही देतो. दुसरा भाग आपण घाईत म्हणतो, कारण न केलेले आठवत नाही. ज्याने सहावी खोली पाहिलीच नाही, त्याची चूक न पाहण्याची. ज्याने पाहिली आणि बिल करून निघाला, त्याची चूक न बोलण्याची. दोन्ही चुका मी केल्या आहेत, म्हणून मी न्यायाधीश होऊ शकत नाही. पण दोन्ही सुधारता येतात, एवढे अनुभवाने सांगतो. माझी एक सुधारायची राहून गेली, कारण मी उशीर केला.

मी हे त्याला सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. यंदा फेब्रुवारीत तो त्या घरी सर्व्हिसिंगला गेला. शेठ तिथेच होते. काम संपल्यावर त्याने धीर करून म्हटले, "शेठ, तुमचे पाच झोन व्यवस्थित आहेत. एक सहावा राहिला आहे." शेठना आधी कळले नाही. त्याने फाटकाकडे बोट दाखवले. शेठ बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खर्च किती येईल?"

पत्र्याखाली थर्माकोलचे सीलिंग, वर पांढरा रंग, समोरासमोर दोन झरोके, एक नवा पंखा आणि बाहेर शेडनेट. बाहेरचे यंत्रही आता दुसऱ्या कोपऱ्यात हलवले आहे. पाण्याकडचा देखावा तिथून थोडा अडतो.

"आजी काय म्हणाली?" मी विचारले.

"काही नाही, काका. पाणी आणून दिले. या वेळी आत बसायला सांगितले."